ममताच्या टाकीतली कोळंबी

दिग्रसला इंद्रजीत राठोडचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत आणि कपाशीवर फवारायचं औषध तिथे मिळायचं. औषध कंपनीच्या मेळाव्यासाठी तो गोव्याला गेला आणि हॉटेलात त्यानं समुद्री माशांची, जिवंत पोवळ्यांची टाकी पाहिली. तशीच त्याला आपल्या बैठकीत हवी झाली. नागपूरची माणसं येऊन बसवून गेली. गावात नळ कधीमधी यायचा आणि या घरात गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून मासे पोसले जात, म्हणून शेजारच्या बाया त्याच्या बायकोला, ममताला, तोंडावर टोमणे मारत. टाकी तिनं मागितली नव्हती. पण इंद्रजीतची हौस लवकरच फिटली आणि काच पुसण्यापासून पाणी बदलण्यापर्यंत सगळं तिच्या गळ्यात पडलं.

पोवळं फिकं पडतंय, असं तिनं एकदा सांगितलं तर तो म्हणाला, तुले काय समजते त्यातलं. त्या रागात तिनं कपाटातला कॅमेरा काढला. तो कंपनीनं त्यालाच बक्षीस दिलेला, पण कधी न वापरलेला. यवतमाळच्या एका स्टुडिओवाल्याकडून तिनं अगदी जवळचं टिपणारी जुनी मॅक्रो लेन्सही आणली.

पहिले फोटो नुसते निळे आणि धूसर आले. काचेत तिचंच तोंड दिसायचं. हळूहळू तिला कळत गेलं की लेन्स काचेला सरळ टेकवायची, जरा तिरकी धरली तरी चित्र वेडंवाकडं येतं. दिव्याचा निळेपणा कॅमेऱ्यातच कमी करायचा. लाटांचा पंप थोडा वेळ बंद ठेवायचा, नाहीतर पोवळ्याचे झुबके डोलत राहतात. पंप बंद दिसला की इंद्रजीत भडकायचा. जीव मारशील एखाद्या दिवशी, म्हणायचा आणि खटकन बटण दाबायचा. ती तो दुकानात जाईपर्यंत थांबायची.

टाकीत लाल पट्ट्यांची एक कोळंबी होती. कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षी, पावसाळ्यात, तिच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसू लागली. ममता रोज त्यांचे फोटो काढायची. एका फोटोत प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसले. ते डोळे होते. ममताला इतका आनंद झाला की तिनं तो फोटो इंद्रजीतलाही दाखवला. त्यानं मोबाइलवरून नजर उचलली नाही.

त्याच सुमारास कंपनीचा साहेब जेवायला यायचा होता. इंद्रजीत गोदामातून घाईनं आला. एक डबा गळत होता, त्यातलं औषध दुसऱ्यात ओतून आलो, असं त्यानं येता येताच सांगितलं. टाकीतला एक दगड कलंडलेला पाहून त्यानं बाही सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. ममता स्वयंपाकघरातून ओरडेपर्यंत दगड सरळ झालाही होता.

संध्याकाळी तिनं लेन्स काचेला टेकवली तेव्हा कोळंबीचे पाय थरथरत होते. थोड्या वेळानं ती आडवी पडली. ममतानं फोटो काढणं थांबवलं नाही. सकाळपर्यंत टाकीतले शंखात राहणारे खेकडेही मेले होते. मासे मात्र मजेत फिरत होते.

इंद्रजीतनं मेलेली कोळंबी पाहिली आणि म्हणाला, "तुह्या फ्लॅशनं मेली."

"मी फ्लॅश लावतच नाई."

"मंग पंपानं मेली."

"मासे जिवंत हायेत, पोवळं जिवंत हाये. मेले ते फक्त पायवाले." तिनं फोटो त्याच्यापुढे धरले. "तुमचं औषध किडे मारते, अन् हे किड्याइचेच चुलतभाऊ. हात धुतलेते का तुमी?"

इंद्रजीतनं तिच्या हातातून कॅमेरा हिसकावला आणि दुकानात नेऊन कुलपात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा मागायला दुकानात गेली. तिथे जवळच्या तांड्यावरचे डोंगरसिंग उभे होते. अळी हटत नाही म्हणत होते. इंद्रजीतनं दोन औषधं काढून दिली, दोन्ही मिसळून मारा म्हणाला. डोंगरसिंग डोळे चोळत होते. मागच्या फवाऱ्यापासून अंधुक दिसून राह्यलं, असं ते सहज सांगून गेले.

ममता म्हणाली, "काका, मिसळू नका. औषधात हात घालू नका. अन् आज फवारू नका, पयले दवाखान्यात जा."

"घरी जाय तू," इंद्रजीत म्हणाला.

ती गेली नाही. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिली. डोंगरसिंगांनी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, डबे काउंटरवरच सोडले आणि बसस्टँडची वाट धरली.

त्या हंगामात फवारणी करणारी किती तरी माणसं यवतमाळच्या दवाखान्यात भरती झाली. काही परत आली नाहीत. डोंगरसिंगांची नजर सुधारली. दुकानांच्या तपासण्या सुरू झाल्यावर इंद्रजीतनं हातमोजे आणि तोंडाच्या पट्ट्या विकायला ठेवल्या, पण चुकलो असं तो कधी म्हणाला नाही. डोंगरसिंग आले होते त्या दिवसापासून ममता रोज दुपारी दुकानात बसते आणि औषध नेणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. तो तोंड फिरवतो. कुलपाची किल्ली तिनं त्याच आठवड्यात त्याच्या खिशातून काढून घेतली आणि कॅमेरा घरी आणला. घरात दोघांचं बोलणं "जेवायला वाढलं" एवढ्यापुरतंच उरलं आहे.