३.१०.१ ला मी ‘हो’ म्हटलं

आमच्या नवीन पनवेलच्या ऑफिसात माणसं चार, पण व्हर्जन नंबरवरून झालेले किस्से चाळीस तरी असतील! क्लासवाल्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. मुलगा आला नाही की घरी मेसेज जातो. पूर्वी हे किस्से सांगताना मलाच हसू आवरायचं नाही. आता सांगता सांगता मध्येच थांबतो.

*

नियम साधा. नंबरात तीन आकडे. नवीन सोय दिली की मधला वाढवायचा. किरकोळ दुरुस्ती केली की शेवटचा. ती गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर आपोआप जाते. जुनं काही चालेनासं होणार असेल तर पहिला वाढवायचा, आणि आधी फोन करून सांगायचं.

आमचे मालक सावंतसर पहिल्या आकड्याला हातच लावू देत नसत. "चार म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं. तीनमध्येच ठेव बाबा!"

*

त्यामुळे ३.९ नंतर आलं ३.१०. विचुंब्याच्या एका क्लासवाल्यांचा तावातावाने फोन. "काय हो, पॉइंट नऊ काढून पॉइंट एक देता? मी गणिताचाच क्लास घेतो!"

सावंतसर शांतपणे म्हणाले, "सर, हा पॉइंट गणितातला नाही."

पलीकडून फोन आपटला.

*

टेस्टिंगला आमची प्राजक्ता. एकदा मी एका बटणाचा रंग बदलला आणि हौसेने मधला आकडा वाढवला.

"अरे, शर्ट बदललास म्हणून परत बारसं करतोस का?"

तिचं मी तेव्हा ऐकायचो.

*

मग मी तो बदल केला. आधी १ म्हणजे हजर, ० म्हणजे गैरहजर. ‘उशिरा आला’ बसवायचं होतं, म्हणून मी सगळंच नव्याने मांडलं: ० हजर, १ गैरहजर, २ उशिरा. स्क्रीनवर टिक करणाऱ्यांना काहीच फरक नव्हता. पण काही जण एक्सेलमधून आकडे भरायचे.

"हे ४.०.० आहे," प्राजक्ता म्हणाली. "एक्सेलवाल्यांना आधी फोन करावे लागतील."

"दोन ओळी तर बदलल्यात! ३.१०.१ करा," असं म्हणून सावंतसरांनी माझ्याकडे बघितलं.

मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं. मी "हो" म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी कामोठ्याच्या गोरे मॅडमनी नेहमीसारखी एक्सेलमधून हजेरी भरली. वर्गात बसलेल्या एकूण एक मुलाच्या घरी मेसेज: ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे.’ एका आईने क्लासच्या बाहेरूनच फोन केला, "अहो, मला तो खिडकीतून दिसतोय!" दांडी मारलेले दोघं तेवढे हजर ठरले!

ऑफिसात आम्ही यावर पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

दोन दिवसांनी मॅडमची माफी मागायला गेलो. त्यांच्यासमोर कामोठे गावातले एक गृहस्थ बसले होते. त्यांची नववीतली मुलगी त्या दिवसापासून क्लासला आली नव्हती. घरात कुणाशी बोलतही नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं. चूक माझी, तुमची मुलगी वर्गातच होती.

ते हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले.

"पोरगी रडून रडून सांगत व्हती, बाबा, मी क्लासलाच व्हते. मी मारली तिला. बोललो, मेसेज कशाला खोटा बोलेल?"