लाल पेटीतले बोंबील

माझ्या लॅपटॉपवर खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. एक उघडली की ती अख्खी स्क्रीन घेते, दुसरी उघडली की पहिली गुपचूप अर्ध्यावर सरकते, तिसरी आली की अर्ध्याचं पाव होतं. फरशीवर लाद्या बसवतात तशा खिडक्या बसतात आणि सगळं कीबोर्डवरून चालतं. याला टायलिंग विंडो मॅनेजर म्हणतात. ऑफिसातली पोरं विचारतात, हे तू कुठे शिकलीस. मुलुंडच्या वन-रूम-किचनमध्ये, मी सांगते. आई, बाबा, मी आणि शिलाई मशीन एका खोलीत असतो; कोणी आलं की बाकीचे सरकतात. ज्यांच्याकडे माणशी एक खोली आहे त्यांना हा प्रकार अंगवळणी पडायला वेळ लागतो. मला एक दुपार पुरली.

शिवाय लॅपटॉप सेकंडहँड. त्याच्यावर नेहमीची नटवी सिस्टीम टाकली की पंखा असा ओरडायचा की शेजारीण विचारायची, मिक्सर लावलाय का गं. ही सिस्टीम हलकी. हलकी म्हणजे तिच्यात काही नसतंच. आवाजाचं बटण, बॅटरीचा आकडा, सगळं आपण बसवायचं. ते मी एकेक करून बसवलं. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी न विचारतासुद्धा सांगते. ज्यांना खुपतं त्यांना खुपू दे.

एक गोष्ट तेवढी बसवायची राहिली होती. मेसेज आला की स्क्रीनच्या कोपऱ्यात जी छोटी पेटी उगवते, ती या सिस्टीममध्ये आपोआप उगवत नाही. तिच्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. तो नसला तरी मेसेज येतात, पण चोरपावलांनी. मला ती शांतता आवडायची. माझ्या लीडला, म्हणजे टीमच्या म्होरक्याला, अजिबात आवडायची नाही.

लीड पार्ल्याचा. मराठी मेसेज देवनागरीतच टाकायचा, आणि प्रत्येकाची सुरुवात 'अर्जंट' या शब्दाने. कधी ऑफिसच्या चॅटवर, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, हाताला येईल तिथे. एकदा त्याने सरळ फोनच केला.

"अगं, सकाळपासून मेसेज टाकतोय. आहेस कुठे?"

"घरीच. काम करतेय."

"मग वाचत का नाहीस?"

"दिसले नाहीत, सर."

"सगळ्यांना दिसतात, तुलाच बरे दिसत नाहीत."

मी त्याला टायलिंग विंडो मॅनेजर समजावून द्यायला घेतला. त्याने मध्येच तोडलं. "हे बघ, काम तुझं चोख आहे. पण महिनाअखेरीस तुझं कन्फर्मेशन आहे, आणि वरचे मला विचारणार, ही मुलगी मेसेजला उत्तर देते का. शुक्रवारचा डेमो तूच देतेयस. त्याआधी हे नीट कर. नाहीतर मला तुझ्यासाठी तोंड उघडता येणार नाही."

कन्फर्मेशन म्हणजे पक्की नोकरी. आमच्या घरात ती कोणाला लाभली नव्हती. आजोबा गिरणीत कामाला होते, ती बंद पडली. बाबा भांडुपला लेथवर, पण जन्मभर कंत्राटी. म्हणून मी त्याच संध्याकाळी कामाला लागले.

डन्स्ट नावाचा प्रोग्राम टाकला. त्याची एक सेटिंगची फाइल असते. पेटी कुठे दिसावी, किती मोठी, कुठल्या रंगाची, सगळं त्या फाइलमध्ये टाइप करायचं. नोटिफिकेशनचे तीन दर्जे असतात: कमी महत्त्वाचं, साधं आणि गंभीर. पहिले दोन थोडा वेळ दिसून विरून जातात. गंभीर मात्र आपण घालवल्याशिवाय जात नाही, दारात वर्गणीवाली पोरं उभी राहतात तसं. चाचणीसाठी स्वतःलाच मेसेज पाठवायची कमांड असते. मी लिहिलं, 'मेलंस काय', आणि एंटर दाबलं. कोपऱ्यात पेटी उगवली.

मागे आई घड्या घालत होती. ती मालवणची, तिची बोली तिथून तसूभर हललेली नाही. "ह्या कोणाक लिवलंस?"

"कोणाला नाही गं. टेस्ट आहे."

"टेस्ट करूक दुसरा काय गावला नाय?"

मग मी एक नियम लिहिला. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला. मेसेजमध्ये 'अर्जंट' हा शब्द असेल तर पेटी लाल, मोठ्या अक्षरांत, आणि दर्जा गंभीर. कोणी पाठवला ते बघायचंच नाही, कारण लीड कुठूनही पाठवायचा. वर ती पेटी बंद करायची कीबोर्डची सोय मी ठेवली नाही आणि माऊसची होती ती काढून टाकली. बंद करता आली तर मी न वाचता बंद करणार, एवढी मी स्वतःला ओळखते. चॅट आणि व्हॉट्सअ‍ॅप मी ब्राउझरमध्ये उघडते; मेसेज वाचला की ब्राउझर ती पेटी आपोआप काढून घेतो. तेवढं पुरे होतं.

शुक्रवार आला. डेमो एका डॅशबोर्डचा होता; परदेशी क्लायंटच्या गोदामातला माल संपत आला की तो सूचना देतो. घरात आवाज नको म्हणून मी आईला बाजारात पाठवलं. स्क्रीन शेअर केली. क्लायंटकडच्या एक बाई, दोन बुवा, आमचा लीड, सगळे बघतायत. मी इंग्रजीत फर्मास बोलत होते. तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात लाल पेटी उगवली.

'अर्जंट. बोंबील ताजे असत. घेव काय?'

आता आमच्या घरातल्या अर्जंटबद्दल सांगायला हवं. माझ्या जन्माआधी आमचं बिऱ्हाड गिरणगावातल्या चाळीत होतं आणि फोन खालच्या वाण्याकडे. गावाहून कोणाचा फोन आला की वाणी आधी विचारायचा, अर्जंट आहे काय? नाही म्हटलं की ठेवून द्यायचा, वर हाक मारायला त्याला काय पगार नव्हता. तेव्हा आमच्या सगळ्या गोताने एक शहाणपण शिकून घेतलं: बोलायला लागायचं ते 'अर्जंट'पासूनच. आंबे उतरवले, अर्जंट. म्हैस व्याली, अर्जंट. वाणी गेला, चाळ पडली, सवय राहिली. आई व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा आधी अर्जंट लिहिते, बाकीचे लोक हॅलो म्हणतात तसं. हे मला जन्मापासून माहीत होतं. इतकं माहीत, की नियम लिहिताना आठवलंच नाही.

मी बोलत राहिले. पेटी हटेना. खाली दुसरी आली: 'अर्जंट. मांदेली पण असत.' मग तिसरी, लीडची: 'अर्जंट. हे काय चाललंय?'

तिन्ही एकाखाली एक, लालभडक. व्हॉट्सअ‍ॅप उघडावं तर घरचा सगळा संसार क्लायंटसमोर. म्हणून प्रोग्रामच बंद करायला मी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं, आणि टायलिंग ते टायलिंगच; नवी खिडकी आल्याबरोबर डॅशबोर्ड सरकून अर्ध्यावर गेला. वाट लागली.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, "या सूचना तुमच्या सिस्टीमच्या आहेत का? लाल रंग चांगला दिसतोय."

लीड म्यूटवर. मला हो म्हणता आलं असतं. देवनागरी तिकडे कोणाला वाचता येणार होती.

"नाही," मी म्हटलं. "वरच्या दोन माझ्या आईच्या आहेत. ती मासळी बाजारात आहे. तिसरी माझ्या लीडची, ते विचारतायत हे काय चाललंय."

एक बुवा खोकले. बाई म्हणाल्या, "मग आधी आईला कळवा." मी फोनवरून 'बोंबील' एवढंच लिहिलं, डन्स्ट मारलं, टर्मिनल मिटवलं, आणि डॅशबोर्ड परत पसरला. पुढचा डेमो धड झाला.

नंतर लीडचा फोन. "सिस्टीमचा अलर्ट आहे म्हणून सांगायचं ना. निभावलं असतं."

"आणि सोमवारी त्यांनी बोंबलाचा अलर्ट मागितला असता, तर तो बनवला कोणी असता?"

तो हसतोय असं वाटलं, पण पार्ल्याची माणसं फोनवर कितपत हसतात मला माहीत नाही. "तो नियम काढ," तो म्हणाला.

"काढते. तुम्ही ऑफिसच्या चॅटवरच मेसेज टाका. तिथलं सगळं मी लाल करते, अर्जंट असो नसो."

"मला अटी घालतेयस?"

"सेटिंग सांगतेय, सर."

महिनाअखेरीस कन्फर्मेशन झालं. वरच्यांनी शेरा मारला होता, संवादात सुधारणा आवश्यक. लीडने तो मला वाचून दाखवला आणि म्हणाला, मी तुझ्यासाठी तोंड उघडलं तरी हे राहिलंच. राहू दे, मी म्हटलं.

घरी सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे त्यांना आनंद झाला. आईने विचारलं, "म्हणजे आता काढूचे नाय?"

"काढू शकतात. पण आधी नोटीस द्यावी लागते. दोन महिन्यांची."

"दोन महिने?" आईने हातातली घडी बाजूला ठेवली. "तुझ्या आजोबांक गेटवर कुलूप बघून कळला."

मी म्हटलं, "मला आधी कळवतील."