घोडेगावचं दुसरं स्टेशन

आमचे हे, रंभाजी, रेडिओ लावतात तो ऐकायला न्हाई, गप करायला. सकाळी गाणं लागलं की रेडिओ असा तसा फिरवायचा, आवाज पार मेला की खूश. म्हनतात, "भागिरथी, रेडिओचं टोक आता स्टेशनाकडं हाय." जळ्ळं ते स्टेशन, माझं गाणं गेलं त्याचं काय?

ही खोड नोकरीतली. हे कोकणात समुद्राकाठी सरकारी वायरलेसच्या ठाण्यावर हुते. धुक्यात बोट वाट चुकली की तिचा आवाज पकडायचा, एरियल फिरवायचं, आवाज मेला की तीच दिशा. लांबच्या दुसऱ्या ठाण्यावरनं रंगनाथ नावाचा मानूस तसंच करायचा. दोघांच्या रेघा नकाशावर जिथं कापतील तिथं बोट. आता ती ठाणी बंद झाली. हे दिसातनं धा येळा रंगनाथाचं नाव काढतात, आन् मला राग येतो. नोकरीभर लेकरं, म्हशी मी इथं घोडेगावात सांभाळल्या, आठवन मात्र ह्यांनीबी कधी न पाहिलेल्या त्या मानसाची.

परवा म्हस वावरात पाय ठेवीना. जमिनीतली मोटारीची वायर कुठंतरी उघडी पडून ओल्या मातीत करंट उतरल्याला. कांद्याची रोपं उपटून ठेवल्याली, दुसऱ्या दिवशी बाया लावायला येनार, त्याबी चालू पान्यात, चिखलात. वायरमन लग्नाला गेल्याला. माझा जीव टांगनीला लागला.

ह्यांनी मधल्या बांधावर रेडिओ धरला. मोटार चालू, रेडिओत त्या उघड्या वायरीची नुसती घरघर. फिरवत फिरवत घरघर मेली. मोटार बंद करून ह्यांनी रेडिओच्या टोकासमोर लई लांबवर खांदलं. काय न्हाई.

"आवो, पाठीमागं बघा की," मी म्हनाले. "रेघ दोनी अंगांला जाती, तुमीच सांगता ना?"

ह्यांनी मागं वळून पाहिलं. "तिकडं ठाण्यावर पाठीला जमीनच असायची गं. बोट समोरच." डोळे भरले त्यांचे. माझा राग कुठल्या कुठं गेला.

मंग त्यांनी रेडिओ माझ्या हातात दिला. "किती लांब ते एका रेघेनं कळत न्हाई. तू पलीकडच्या बांधावर जा. दुसरं स्टेशन तू."

पुन्हा मोटार लावली. मी रेडिओ फिरवला, घरघर मेली, समोरच्या बाभळीचा नेम धरला. मोटार बंद झाल्यावर बाभळीकडं चालत निघाले. हे मधल्या बांधावर आपल्या पाठीमागच्या रेघेवर हात लांब करून उभे. मी त्यांच्या हाताच्या सरळीत आले तशी ओरडले,

"थांब, भागिरथी. तिथंच."

तिथं खांदलं, तर उंदरानं कुरतडल्याली वायर निघाली.

"रंगनाथापेक्षा लवकर सापडलं की तुला," हे म्हनाले.

म्हटलं, "मी जन्मभर इथंच हुते. तुमीच एरियल कधी इकडं फिरवलं न्हाई."