कुंकू न धरणारी गाडी

आमच्या गाडीवर कुंकू टिकत नाही, असं कडेगावपासून आटपाडीपर्यंत लोक बोलायचे. ती अफवा नव्हती. खरंच टिकत नव्हतं, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

गाडी म्हणजे आबांची पांढरी अँबॅसिडर. आबा, माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. नव्वद सालानंतर पेन्शनीत निघाले, सांगलीतून ही जुनी गाडी घेतली, नवा रंग मारला आणि लग्नांना भाड्यानं द्यायला लागले. जीपगाड्या गावोगाव होत्या. पण आमच्या गाडीच्या दारात बघून भांग पाडता यायचा, म्हणून नवरानवरीला लोक हीच मागायचे.

बाकीचे ड्रायव्हर गाडीला चमक आणायला डिझेलचा बोळा फिरवत. तासभर गाडी झकास दिसायची, मग रस्त्यावरची धूळ आणि पेटवलेल्या उसाच्या फडातली काजळी तिच्यावर चिकटून बसायची. आबांना त्याचा भयंकर राग. तेवढाच राग कोरड्या फडक्याचा. "आदी पानी, मग फडकं," हा त्यांचा फौजेतला नियम. कुणी सहज म्हणून बाहीनं धूळ पुसली तरी ते खेकसायचे, कारण धुळीतले बारीक खडे रंगावर चरे ओढतात.

पण पाण्यानं न जाणारी एक गोष्ट होती. वऱ्हाड निघताना बायका हळद-कुंकू पाण्यात कालवून बोनेटवर स्वस्तिक काढतात. मे महिन्याच्या उन्हात पत्रा तापतो आणि ते रंगात मुरतं. पहिल्याच वर्षी आमच्या बोनेटवर एक तांबूस डाग कायमचा बसला. आमचं घर आजोबांपासून बौद्ध. घरात हळद-कुंकवाची पूजा नाही, गाडीपुढं नारळ नाही, आणि दारातल्या गाडीवर बारा महिने दुसऱ्यांचं स्वस्तिक. मला शाळेपासून ठाऊक होतं, की या लोकांना आमच्या घरचं पाणी चालत नाही. आमच्या बोनेटवर मात्र यांचा हक्क. मी बडबडायचे. आबा शांतपणे म्हणायचे, "त्यांचं लगीन, त्यांची पूजा. त्याला माजं काय न्हाई. पर रंग माजा हाय."

त्यांनी बोनेट पुन्हा रंगवून घेतलं आणि सांगलीच्या एका स्पेअर पार्टवाल्याकडून मुंबईहून आलेला पॉलिशचा एक डबा आणला. डोक्यावर बटण, दाबलं की बारीक फवारा. गाडी धुवायची, सावलीत वाळवायची, पत्रा गार झाला की एकेका भागावर फवारा मारून मऊ फडक्यानं पसरवायचा, मग फडक्याची दुसरी बाजू घेऊन चोळायचं. लिंबाखाली आबांचा हा कार्यक्रम सकाळभर चालायचा. नंतर त्यावर तांब्याभर पाणी ओतलं की अळवाच्या पानावर नाचावेत तसे थेंब नाचत खाली उतरायचे. आई चुलीपुढून म्हणायची, "आवं, एवढं लाड माजं कवा केलं न्हाईत." त्या वेळी आबा मडगार्डावर असायचे.

त्याच उन्हाळ्यात कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचं लग्न आटपाडीकडं होतं. ती बागायतदाराची मुलगी. तिला सासरी पोचवायला आबांची गाडी ठरली आणि मीही त्याच गाडीतून लग्नाला गेले. तिच्या काकीनं आबांना चहा दिला, तो हातात नाही, कट्ट्यावर ठेवला आणि बाजूला झाली. आबांनी तो उचलून प्यायला. मी माझा तसाच गार होऊ दिला.

पाठवणीच्या वेळी काकी ताट घेऊन आली. ओल्या बोटांनी बोनेटवर स्वस्तिकाची उभी रेघ ओढली. रेघ जागच्या जागी फुटली, तिचे लाल मणी झाले आणि घरंगळत दिव्याकडं गेले. काकीनं परत ओढली. परत तेच. तिसऱ्यांदा तिनं सगळा पंजा बुडवून ठेवला, तर पाचही बोटांचे ओघळ खाली आले. वाजंत्री वाजत होती, पण बायका बोनेटभोवती गोळा झाल्या.

"गाडी कुंकू धरंना," कुणीतरी म्हणालं.

नवऱ्याचा मामा पुढं आला. आबांपेक्षा वयानं चांगलाच लहान. "कुनाची रं गाडी?" त्यानं आबांना विचारलं. शेजारच्यानं त्याच्या कानात सांगितलं. मामा म्हणाला, "तरीच."

तो एक शब्द मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

आबांनी नीट समजावून सांगितलं, की रंगाला जपायला फवारा मारलाय, त्यावर काहीच ओलं टिकत नाही. कुणी ऐकेना. एक बाई स्टोव्हचं रॉकेल आणि चिंधी घेऊन आली, म्हणजे तेवढी जागा पुसून कुंकू बसवायचं. आबांनी बोनेटवर हात ठेवला. "पुसाय देनार न्हाई," एवढंच म्हणाले. तेव्हा मी जवळची घागर कलती करून तांब्या भरला आणि सगळ्यांसमोर बोनेटवर उपडा केला. पाण्याचेही मणी झाले आणि पळाले.

"बगा," मी म्हणाले. "पानीबी धरत न्हाई. आता पानीबी वंगाळ म्हनायचं का?"

कुंकू तेलात कालवलं असतं तर कदाचित टिकलं असतं. पण ते कुणाला सुचलं नाही आणि मी काही सांगणार नव्हते.

मामानं हुकूम सोडला, नवरीला जीपमध्ये बसवा. जीपवर बोटभर धूळ होती. तिच्यावर कुंकू छान बसलं असतं, शेणही बसलं असतं. आबांचा चेहरा मी पाहिला. नवरी बसू न दिलेली गाडी म्हटल्यावर त्या पट्ट्यात पुन्हा कुणी तिला लग्नाला बोलावणार नव्हतं, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. आणि मैत्रिणीच्या माथी तर पहिल्याच दिवशी अपशकुन बसला असता.

तीच पुढं आली. शालू सावरत गाडीपाशी गेली, दार उघडलं आणि वळून म्हणाली, "काकी, कुंकू माज्या कपाळावर हाय की. गाडीला आनि कशाला?" आणि आत बसली. नवरा क्षणभर मामाकडं बघत राहिला, मग दुसऱ्या बाजूनं गेला आणि तिच्याशेजारी बसला. आबांनी गाडी सुरू केली.

एवढ्यानं सगळं निभावलं असं समजू नका. पुढच्या लग्नसराईत आमची गाडी बरेचदा दारातच उभी असायची. येणारे म्हणायचे, बोनेट तेवढं सोडा, बाकी गाडीला काय पाहिजे ते फासा. आईही म्हणाली, "वीतभर जागा सोडली तर काय बिगडतंय? एवढा हट्ट कशाला?" आबा डबा हातात घेऊन बराच वेळ बसले. ते वाकतायत हे मला दिसलं. मी म्हणाले, "आबा, तुमी बोनेट सोडलं तर म्या सोता फवारा मारीन." ते हसले, उठले आणि सुरुवातच बोनेटपासून केली. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फडकं घेऊन चोळत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की हात दुखल्याचं कळलंही नाही.

दुसऱ्या वर्षी मैत्रीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ घेऊन सासरी परत जायची वेळ आली तेव्हा तिचा निरोप आला, की गाडी आबांचीच पाहिजे, दुसरी आली तर मी बसणार नाही. आदल्या दिवशी आबांनी गाडीला फवाऱ्याचा दुहेरी हात मारला. मीही गेले.

काकी ताट घेऊन बाहेर आली. बोनेटपाशी थांबली. आम्ही सगळे तिच्या बोटांकडं बघत होतो आणि मी भांडायच्या तयारीत होते, खोटं कशाला सांगू. तिनं बोट कुंकवात बुडवलं, बोनेटकडं पाहिलं, मग वळून पुतणीच्या कपाळाला लावलं. बाळालाही लावलं. ताट खाली ठेवलं. मग काय वाटलं कोण जाणे, पदराचं टोक धरलं आणि बोनेटवर येताना बसलेली धूळ पुसायला लागली.

"आवं, कोरड्या पदरानं नगा पुसू," आबा खेकसले. "चरं पडत्यात."

आबांनी डिकीतून फडकं काढलं, बाटलीतल्या, आमच्या घरनं भरून आणलेल्या पाण्यात भिजवून पिळलं आणि तिच्यापुढं धरलं. हात तसाच पुढं ठेवला. कट्टा शेजारीच होता, पण त्यांनी ते कट्ट्यावर ठेवलं नाही.

काकीनं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि सगळं बोनेट पुसून काढलं.