बॅनरखाली कोण बसणार

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, मी सामानवाली आहे. कुठं आग लागली, पूर आला, छत पडलं, की तिथल्या माणसांच्या मनाले आधार द्यायले आमच्या संस्थेची टीम जाते. टीमच्या काउन्सलर पोरी बोलतात, ऐकतात. त्या कशावर बसतील, लोकांले काय पाजतील, रडणाऱ्या बाईले कोणत्या आडोशाले नेतील, ते मी पाहते. रिसालीत आमचं एक शेड आहे, त्याची चाबी माझ्या कमरेले असते. सेक्टर दोनच्या क्वार्टरात यांचा डबा भरला, हे स्टील प्लांटले गेले, की मी स्कूटी काढते.

नातेवाईक म्हणतात, "म्हणजे तू सतरंज्या मोजते." हो, मोजते. तुमच्या पोटात कावून दुखते?

सतरंज्या आहेत, पडदे अन् ते टांगायची दोरी आहे, स्टोव्ह, चहा उकळायचा गंज, स्टीलचे ग्लास, पाण्याचे कॅन, गमछे, पॅड, कंगवे, चपला, मोबाइलचे चार्जर, लेकरांसाठी रंगीत खडू. चपला कायले? अरे बापा, ज्याचं घर जळते तो अनवाणी बाहेर पळते. चार्जर कायले? फोन बंद पडला की गावाकडच्या मायले वाटते, गेला माझा पोरगा. एकच गोष्ट मी मुद्दाम ठेवत नाही, खुर्ची. आमच्यात मयतीच्या घरी बसायले जातात. जायचं, खाली बसायचं, काही विचारायचं नाही. ती बाई बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर आपण जमिनीकडं पाहायचं. तिच्या घरची चूल बंद असते, म्हणून चहा शेजारून येते. उठताना 'येतो' म्हणायचं नाही, गुपचूप उठायचं. माझं सगळं सामान या रीतीवर बांधलेलं आहे.

सगळं सुरळीत होतं, तेवढ्यात रायपूरहून संस्थेचा नवीन साहेब आला अन् सोबत बॅनर घेऊन आला. निळा, चमकदार, भिंतभर. वर मोठ्या हिंदी अक्षरात 'मानसिक स्वास्थ्य सहायता शिविर', खाली एका कंपनीचं नाव. ती कंपनी आमच्या सामानाचे पैसे देणार होती अन् तिले फोटो पाहिजे होता. बॅनर अन् बॅनरखाली बसलेला माणूस, दोन्ही एका फोटोत.

मी म्हटलं, "साहेब, याच्याखाली जो बसला तो बस्तीत पागल ठरते. त्याच्या पोरीची सोयरीक अडते."

"आंटी जी, यही सोच तो बदलनी है," साहेब म्हणाला.

"बदला न. माझी ना नाही. पण ज्याचं माणूस आज मेलं त्याच्या डोक्यावर टांगून बदलू नका."

तो हसला नाही, चिडलाही नाही. फोटो नाही तर पुढचं सामान नाही, एवढं त्यानं सांगितलं. ते खरं होतं.

मग कुम्हारीकडं हायवेलगत एका लहान कारखान्याचं शेड कोसळलं. माणसं गेली. त्यांच्या घरच्यांले जवळच्या मंगल भवनात बसवलं होतं. मी गाडी भरली. सतरंज्या घेतल्या, पडदे घेतले, स्टोव्ह घेतला अन् बॅनर रिसालीतच ठेवला. विसरली नाही. मुद्दाम ठेवला.

हॉलात एक बाई सतरंजीच्या कडेले गुडघे जवळ घेऊन बसली होती. तिचा नवरा त्या शेडाखाली गेला होता. तिच्या भासऱ्याचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, बोलणं कानावर पडलं अन् कळलं, आपल्याच गोंदियाकडचे आहेत. बाजूले तिची लग्नाच्या वयाची पोट्टी होती. ती आमच्या काउन्सलरच्या कानात म्हणाली, "माय रडलीच नाही अजून. पाणीबी घेत नाही." मायबाई! न रडलेल्या बाईचीच मले जास्त भीती वाटते. मी तिच्या हातात चहाचा ग्लास दिला. प्यायली नाही, पण धरला. आमची काउन्सलर तिच्या बाजूले नुसती बसून राहिली. हळूहळू त्या बाईचे ओठ थरथरायले लागले.

नेमका तेव्हाच साहेब आला. डिकीत दुसरा बॅनर होता! त्यानं ड्रायव्हरले हाताशी घेऊन तो आमच्या सतरंजीच्या बरोबर वर बांधला. लोकांनी माना वर केल्या. ज्यांले वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांले वाचून दाखवलं. एक माणूस तंबाखूचं निमित्त करून उठला. त्याच्यामागून दुसरा. भासरा तरातरा आला अन् पोट्टीचा हात धरून म्हणाला, "ऊठ वं. तुझ्या मायले घेऊन चल. आपल्या घरी कोणी पागल नाही. उद्या तुले पाहायले येतील ते काय म्हणतील?"

त्या बाईनं भरलेला ग्लास खाली ठेवला अन् उठली. तिघं बाहेर नळाजवळ उन्हात जाऊन उभे राहिले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नाशीची बाई मी, गुडघे कुरकुरतात, पण खिडकीच्या कट्ट्यावर चढली अन् बॅनरच्या दोऱ्या सोडल्या.

"ये क्या कर रही हैं आप?"

"सामान आवरून राहिली. सामान माझं काम आहे."

बॅनर गुंडाळून गाडीत टाकला. मग एक सतरंजी अन् एक पडदा घेऊन नळाजवळ गेली. नळाच्या खांबापासून भिंतीपर्यंत दोरी बांधली, पडदा टाकला, सतरंजी अंथरली अन् स्वतः बसली. भासरा माझ्याकडं पाहत होता. मी म्हटलं, "दादा, आम्ही सेक्टर दोनचे. सासर गोंदियाकडं. बसायले आली."

त्यानं मान खाली घातली अन् बाजूले झाला. ती बाई बसली. काउन्सलर येऊन बसली. कोणी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "डब्यात वांग्याची भाजी दिली होती. त्याईले आवडत नाही. आजचा दिवस खाऊन घ्या म्हटलं."

अन् मग तिनं टाहो फोडला. पोट्टी तिच्या गळ्यात पडली. मी पडदा नीट ओढून बाहेर आली. माझेही डोळे वाहत होते, पुसले नाही.

बाहेर साहेब मोबाइल घेऊन उभा होता. आवाज त्यानंही ऐकला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "मैं ऊपर क्या दिखाऊँ, आंटी? अगली बार ये परदा भी नहीं मिलेगा."

घोडं अडलं ते इथंच. तो खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, "फोटो पाहिजे न? चला. बांधा बॅनर गाडीले."

गाडीच्या मागं त्यानं बॅनर बांधला. मी खाली सतरंजी टाकली अन् मधोमध मांडी घालून बसली. आमची काउन्सलर पडद्याआडून आली होती, ती घाबरली. "काकू, तुमच्या पोट्टीच्या लग्नाची नागपूरले बोलणी चालू आहे न?"

"चालू आहे. तू बाजूले हो, फोटोत येशील."

"आप तो स्टाफ हैं," साहेब म्हणाला.

"मग मी का माणूस नाही? सकाळपासून मी काय पाहून राहिली ते तुमाले दिसत नाही? काढा फोटो." तोंड लपवलं नाही, पदरही ओढला नाही. सरळ मोबाइलमध्ये पाहिलं.

फोटो कंपनीच्या पानावर लागला, तिथून व्हॉट्सॅपवर फिरत नागपूरले पोचला. मुलाच्या आईचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला. "फोटो पाहिला तुमचा. आधी सांगायचं ना हो. किती वर्षांपासून आहे हे?"

हे समोर बसून हातानं खुणा करत होते, सांग, सांग न. 'मी तिथली सामानवाली आहे, पेशंट नाही,' एवढं म्हटलं असतं तर सोयरीक वाचत होती. जिभेवर आलंही होतं. पण मग त्या नळाजवळच्या बाईले मी काय ठरवलं असतं?

मी म्हटलं, "तिथं जे बसले होते ना बाई, त्यांच्याइतकीच पागल आहे मी. तुमच्या घरी कोणी मेलं तर तुम्ही काय करता, हसता?"

फोन बंद झाला. यांनी कपाळावर हात मारला अन् शिफ्टले निघून गेले. पोट्टी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मुलगा तिले आवडला होता, मले माहीत होतं. डोळे भरलेले, पण रागानं.

"मले विचारायचं तं होतं, आई."

"विचारलं असतं तर तू काय म्हटलं असतं?"

तिनं ओढणीनं नाक पुसलं. खोटं बोलायची तिले सवय नाही.

"नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."