भाऊसाहेबांच्या टीव्हीवरची रेघ

हणमंतराव शेलार गेल्याचं मला पोस्टकार्डावरून कळलं, तेही त्यांचं तेरावं होऊन गेल्यावर. कॉलेजच्या शिपायानं स्टाफरूममध्ये टपाल आणून टाकलं, त्यात दोन परिपत्रकांच्या मध्ये ते कार्ड होतं. सांगलीहून त्यांच्या मेहुण्यानं चार ओळी लिहिल्या होत्या. कावीळ झाली, झाडपाल्याचं औषध चालू होतं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. वय बेचाळीस. मी कार्ड दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. समोरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "कोण हो?" मी म्हणालो, "ओळखीचे होते. इथं साताऱ्यात टीव्ही दुरुस्त करायचे." ज्या माणसाच्या दुकानात मी तीन वर्षं जवळजवळ रोज संध्याकाळी जाऊन बसलो, त्याची मी करून दिलेली ही ओळख. दीड महिना झाला, तरी हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं याचा उलगडा होत नाही… खरं तर होतो. म्हणूनच लिहायला बसलो आहे.

हणमंतराव कराडच्या बाजूच्या एका उसाच्या गावातले. घरात तीन पिढ्या फौजेत. हे रडारवर होते. एकाहत्तरच्या लढाईत काळोख्या खोलीत पडद्यासमोर बसून त्यांनी इतके दिवस काढले, की पुढं उन्हात आले की डोळे बारीक करूनच बघायचे. लढाई संपल्यावर फौजेतून सुटून आले, भावांना म्हणाले, ऊस तुमी बघा. आणि साताऱ्यात एका गाळ्यात दुकान टाकलं. तेव्हा सिंहगडावर टीव्हीचा मनोरा नुकताच उभा राहिला होता आणि साताऱ्यातल्या पैसेवाल्या घरांवर अँटेना दिसू लागल्या होत्या. टीव्ही विकणारे बरेच निघाले. चित्र बिघडलं तर ते का बिघडलं, हे सांगणारा मात्र एकच माणूस होता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या घरमालकांच्या गच्चीवर. किल्ल्याच्या पायथ्याला घर. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट दुसरी मूर्ती दिसायची. दोन मेकॅनिक येऊन सेट उघडून गेले होते. हणमंतरावांनी सेटला हातच लावला नाही. गच्चीवर गेले, उत्तरेकडं पाहिलं, मग वळून अजिंक्यताऱ्याकडं बराच वेळ पाहत राहिले. "सर, डब्यात काय बिघाड न्हाई," ते म्हणाले. "चित्र सिंहगडावनं सरळ येतंय, आन् तेच किल्ल्यावर आपटून मागनंबी येतंय. जरा उशिरा येतंय, म्हनून शेजारी दिसतंय." त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मागवली, अँटेनाच्या मागं ताणून बांधली, आणि खाली दुसऱ्या बाई नाहीशा झाल्या. मी भौतिकशास्त्र शिकवत होतो. परावर्तन फळ्यावर शंभरदा काढलं होतं. पण गच्चीवर उभं राहून किल्ल्याकडं बघायचं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो, तो बसतच राहिलो.

त्यांची रीत साधी होती. चित्र वाकडं दिसलं की आधी विचारायचं, खोड कुणाची? धाडणाऱ्याची, वाटेची, का दाखवणाऱ्याची? हे ठरल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही. "लोक पैल्यांदा झाकण उघडत्यात, सर, आन् मग इचार करत्यात," असं म्हणून ते हसायचे. पडद्यावर चित्राऐवजी ठिपक्यांच्या मुंग्या दिसल्या की वायरीचा जोड बघायचे, चित्र तिरकं फाटलं की शेजारी कुणाची मोटर चालू आहे ते विचारायचे. मी त्यांना आकृत्या काढून द्यायचो, ते मला त्या आकृतीतली चूक दाखवायचे. मला मित्र थोडे. वाईहून साताऱ्याला नोकरीसाठी आलेला मी, जरा भित्रा, जरा शिष्ट. त्यांच्याकडं शिष्टपणा चालत नव्हता आणि भिण्याचं कारण नव्हतं.

आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. त्यांचं खरं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. संस्थेनं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा भाऊसाहेबांनी हणमंतरावांना बोलावून शब्द दिला, शिकवायला तुम्हीच. हणमंतराव त्या दिवशी दुकान लवकर बंद करून मला घेऊन चार भिंतीच्या टेकडीवर चालत आले. "पोरांस्नी शिकवायचं म्हंजी जबाबदारी हाय, सर," एवढंच दोनदा म्हणाले. मग त्यांनी एक वही केली. कोणत्या खोडीला कसं दिसतं, याची चित्रं पेन्सिलीनं काढलेली, आणि खाली कारण. मी शुद्धलेखन तपासून दिलं. माझी नोकरीही तेव्हा भाऊसाहेबांच्याच हाती होती. तीन वर्षं तात्पुरता होतो, जूनमध्ये कायम व्हायचं होतं.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांचे जावई अमेरिकेतून आले आणि टीव्हीवर खेळायचा खेळ घेऊन आले. आता सांगितलं तर हसू येईल, पण साताऱ्यानं असलं काही पाहिलं नव्हतं. एक डबा, त्याला दोन खुंट्या. पडद्याच्या मधोमध तुटक उभी रेघ, दोन्ही कडांना एकेक पांढरी पट्टी, आणि त्यांच्यामध्ये इकडून तिकडं जाणारा चौकोनी चेंडू. म्हणजे असं दिसायला हवं होतं. भाऊसाहेबांच्या मोठ्या सेटला जोडल्यावर दिसलं ते वेगळंच. सगळं चित्र खालून वर पळत होतं, चेंडूच्या मागं शेपटं होती, वरच्या बाजूला रेघ वाकून लोंबत होती. जावई चिडले, डब्यावर थापा मारू लागले. भाऊसाहेबांनी मला निरोप धाडला, तुमच्या त्या शेलारला घेऊन या.

आम्ही गेलो. दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसं. हणमंतराव सेटपासून चार हात लांब उकिडवे बसले आणि नुसतं बघत राहिले. जावयांना वाटलं यांना काही कळत नाही. मग हणमंतराव माझ्याकडं वळले. "आवं सर, ह्यो अमेरिकेचा हाय. सेकंदाला साठ चित्रं धाडतोय. आपला डबा पन्नास घेतोय. मग पळंल न्हाई तर काय!" मागच्या झाकणाच्या भोकातून त्यांनी बारीक बटण फिरवलं, चित्र सावकाश होत होत थांबलं. वाकलेली रेघ सरळ व्हायला झाकण उघडावं लागलं, आत एक स्क्रू जरासा. शेपटं राहिली होती. ती लांब वायरीमुळं होती. वायर कापून हातभर ठेवली, नवा जोड केला. चेंडू असा स्वच्छ दिसू लागला, की बायका स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

निघताना ते थांबले. हे मला अक्षर न् अक्षर आठवतं, कारण मी त्यांच्या शेजारी उभा होतो. जावयांना म्हणाले, "साहेब, ह्यातली मधली रेघ हालत न्हाई. टीव्हीचं चित्र हालतं म्हनून चालतंय. ही येका जागी तास-तास राहिली तर काच आतनं भाजती, मग ती पुसून निघत न्हाई. उजेडाचं बटण अर्ध्यावर ठिवा, आन् खेळ झाला की लगीच बंद करा." जावई म्हणाले, "हो, हो." मीही वर म्हणालो, "बरोबर सांगतायत ते."

घरात पाहुणे होते. खेळ सकाळी सुरू व्हायचा तो जेवणाच्या पानावर बसेपर्यंत. मागं बसलेल्यांना दिसावं म्हणून उजेड पूर्ण. पंधराएक दिवसांनी दुरुस्तीच्या वर्गाच्या तयारीची पाहणी करायला एक मंत्री आले आणि भाऊसाहेबांकडं जेवायला थांबले. त्यांची मुलाखत त्याच संध्याकाळी टीव्हीवर होती. सगळे कौतुकानं बसले. चित्र आलं… आणि मंत्र्यांच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत तुटक काळी रेघ. ते डोकं हलवायचे, रेघ जागची हलायची नाही. कुणीतरी हसलं. मंत्रीही हसले, आणि तेच भाऊसाहेबांना झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हणमंतरावांना बोलावलं. मलाही. भाऊसाहेब खुर्चीत, जावई खिडकीशी, हणमंतराव दारात. "झाकण कुणी उघडलं होतं?" भाऊसाहेबांनी विचारलं. "मीच," हणमंतराव म्हणाले. "पर रेघ त्यानं न्हाई पडली. मी जाताना सांगितलं व्हतं." जावई म्हणाले, "मला काही सांगितलं नाही." किती सहज म्हणाले! हणमंतराव जरासुद्धा गडबडले नाहीत. त्यांना वाटलं, यात काय, साक्षीदार समोर आहे. "सरांस्नी इचारा की," ते म्हणाले. "सर माझ्याजवळच हुते."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय हो, तुमच्यासमोर बोलला होता हा?"

एप्रिल संपत आला होता. जून दीड महिन्यावर. मी म्हणालो, "मी… तेव्हा माझं लक्ष नव्हतं. कुणाशी तरी बोलत होतो."

हणमंतरावांनी माझ्याकडं बघितलं. डोळे बारीक करून, उन्हात आल्यावर बघायचे तसं. मग भाऊसाहेबांना नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून गेले. मी मागं गेलो नाही.

वर्ग जूनमध्ये सुरू झाला, शिकवायला भाऊसाहेबांच्या नात्यातला पदविकावाला. शेलारनं भाऊसाहेबांचा टीव्ही जाळला, असं गावभर झालं. ज्यांच्या घरची चित्रं त्यांनी नीट करून दिली होती, ती घरं दुसऱ्याला बोलावू लागली. आमच्या घरमालकांनीही. तेही ती जाळी तशीच ठेवून! दिवाळीच्या आत दुकान बंद झालं आणि हणमंतराव मेहुण्याच्या आधारानं सांगलीला गेले. मी जूनमध्ये कायम झालो. पेढे वाटले.

त्यानंतर एकदाच भेट झाली. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी सांगलीला विश्रामबागच्या कॉलेजात गेलो होतो, तिथून विचारत विचारत त्यांचं दुकान गाठलं. पंख्याचं वाइंडिंग करत बसले होते. मिक्सर, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी. टीव्ही एकही नाही, कारण सांगलीत चित्र पोचतच नाही. ज्याला चित्राची नजर होती त्याला आम्ही जिथं चित्र नाही तिथं धाडलं होतं. तरी त्यांनी एक जुना सेट घेतला होता, घरावर लांब बांबू उभारून अँटेना चढवली होती. "हितं मुंग्याच हायत निस्त्या," ते म्हणाले. "एकांद्या संध्याकाळी आवाज येतो जरासा." मी म्हणालो, "हणमंतराव, त्या दिवशी मी…" त्यांनी पंखा बाजूला सारला आणि उठले. "च्यात साखर चालंल न्हवं, सर?" चहा घेऊन मी साताऱ्याची गाडी पकडली.

कार्ड आल्यावर चार दिवसांनी मी पुन्हा सांगलीला गेलो. वहिनींनी, त्यांच्या पत्नीनं, आतल्या खोलीत सतरंजी टाकली. कोपऱ्यात तो सेट होता, त्यावर धुतलेलं फडकं. समोर भिंतीला टेकवलेला एक पाट, मधे गुळगुळीत झालेला. बातम्यांच्या वेळेला ते रोज तिथं बसायचे, वहिनी म्हणाल्या, मुंग्या बघत. कधी हात वर करून सांगायचे, आत्ता दिसलं बग, माणूस दिसला. "मला कवाच काय दिसलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर अजून त्या येळंला मी डबा चालू करती. हात जातोच."

मग म्हणाल्या, "तुमी आला, लय बरं वाटलं. तुमचं नाव घ्यायचे सारकं. म्हनायचे, भाऊसायबांच्यात ते झालं त्या दिशी सर वाईला गेलं हुतं. सर तितं असतं तर माज्या बाजूनं बोललं असतं, मग ही पाळी आली नसती. व्हय न्हवं, सर?"

बाहेर कुणीतरी सायकल टेकवत होतं. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी म्हणालो, "हो वहिनी. वाईलाच गेलो होतो."