यचचा थांबा

नेकनूरला पहिला एसटीडी बूथ आला त्या वर्षी मी बारावीला होते. रोज एसटीनं बीडला जायचे. गाडीचा कंडक्टर ठरलेला. कपाळाला भस्म, आणि तिकीट द्यायच्या आधी हातातला पंच सीटच्या दांडीवर दोनदा वाजवायची सवय. नाव कधी विचारलं नाही.

गणिताच्या पेपरच्या सकाळी मांडीवर वही होती. एक्स अधिक एच यांचा वर्ग, वजा एक्सचा वर्ग, सगळ्याला भागिले एच. शेवटी एच शून्य करायचा असतो, म्हणून मी तो पहिल्याच ओळीत शून्य करत होते. वर शून्य, खाली शून्य. तिसऱ्यांदा तेच आल्यावर मला रडू फुटलं.

"यचला इतक्या लौकर कावून उतरवलं गं?" कंडक्टर वहीत बघत होता. "आधी कंस फोड. वर दोन एक्स यच अन् यचचा वर्ग उरतोय. दोन्हीतला एकेक यच खालच्या यचसंगं काट. मग उतरव त्याला. थांब्याच्या आधी घंटी मारली की गाडी रानात थांबती."

उत्तर दोन एक्स आलं. पेपरातही आलं.

आता मी गणित शिकवते. घाई करणाऱ्या मुलांना हा थांबा सांगते. त्यापुढचं सांगत नाही.

"तुम्ही किती शिकलात?" मी विचारलं होतं.

"बीएस्सी. शेवटच्या वर्षाला व्हतो, तवा नोकरीचा कागद आला." त्यानं पुढच्या दांडीवर पंच वाजवला. "मीबी लौकरच उतरलो."